दुसऱ्या अंकातला विराम

१

नाटक कंपनीत त्याला सगळे पुटपुटे म्हणत. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि तिथेच सुखात होतं. काम प्रॉम्प्टरचं, तेही एकतीस वर्षं. नट वाक्य विसरला की ते खालून द्यायचं, आणि असं द्यायचं की नटाला ऐकू जावं पण पहिल्या रांगेतल्या माणसाला जाऊ नये. ज्याला हे सोपं वाटतं त्यानं एकदा करून बघावं. यात घसा वापरायचाच नसतो, नुसता श्वास वापरायचा. त्याची बहीण म्हणायची, "दादा, तू जेवताना मीठ मागतोस तेसुद्धा कुणाची चहाडी केल्यासारखं."

बसायची जागा म्हणजे रंगमंचाच्या पुढच्या कडेला, मधोमध, फळ्यांत बसवलेली एक पेटी. प्रेक्षकांना तिची नुसती पाठ दिसे. आत शिरायचं तर रंगमंचाखालच्या तळघरातून कमरेत वाकून तीस पावलं जायचं, चार पायऱ्या चढायच्या आणि स्टुलावर बसायचं. मग डोकं बरोबर रंगमंचाच्या पातळीला येई. समोर नाटकाची वही, एक छोटा दिवा, आणि नटांचे पाय. कोण दमलंय, कोण भांडून आलंय, कुणाचा जोडा चावतोय, सगळं त्याला पायांवरून कळे.

कंपनीचं हुकमी नाटक म्हणजे एक जुनी शोकांतिका. एका राजाची. राजा चांगला, अगदी पहिल्या अंकात तर इतका चांगला की कंटाळा यावा. हा राजा सैन्याला माघारीचा हुकूम पाठवायला विसरतो. हजार माणसं कापली जातात. दुसऱ्या अंकात दरबार विचारतो की हुकूम पोचला का नाही, आणि समोर उभा असतो दूत, राजाचा लहानपणचा सवंगडी. हुकूम आपण दिलाच नव्हता हे राजाला पक्कं ठाऊक. सगळा दरबार त्याच्या तोंडाकडे बघतोय. राजा गप्प. नटानं मनात सात आकडे मोजायचे आणि म्हणायचं, "घेऊन जा याला." तिथून पुढे मग घसरण. तिसऱ्या अंकात खोटा साक्षीदार, चौथ्यात खून, पाचव्यात रिकामा दरबार आणि एकटा राजा.

राजा व्हायचे थोरले, म्हणजे कंपनीतले सर्वांत जुने नट. विराम घेताना ते डाव्या हाताची करंगळी दुमडत. ही खूण खास पुटपुटेसाठी. करंगळी दुमडलेली म्हणजे मी मुद्दाम थांबलोय, तोंड उघडू नकोस. सरळ असली तर वाक्य दे. एवढा साधा कायदा, आणि एकतीस वर्षांत दोघांपैकी एकानंही तो मोडला नव्हता.

२

आता एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ती पुटपुटेनं कुणालाही सांगितली नव्हती.

पेटीत हवा येत नसे. रंगमंचाच्या मध्यावर एक झाकण होतं, चौथ्या अंकात खून झालेला माणूस त्यातून वर यायचा. खालून त्याला लोखंडी खिट्टी होती. ती काढून झाकण एका लाकडी पाचरेवर टेकवलं की दोन बोटं फट पडायची आणि तळघरात गार झुळूक यायची. पुटपुटे वर्षानुवर्षं सकाळी येऊन गुपचूप हेच करी आणि तालमीआधी खिट्टी पुन्हा लावून टाकी. कुणाला पत्ता नव्हता. कुणाचं काही बिघडतही नव्हतं.

गेल्या बुधवारी तालमीची हाक जरा लवकर आली. वही कुठे ठेवली ते आठवेना, ती शोधण्यात खिट्टी राहिली. राणीचं काम करणाऱ्या बाई, ज्यांना सगळे महाराणीच म्हणत, बोलत बोलत झाकणावर आल्या आणि पेटीत वहीवर मान घालून बसलेल्या पुटपुटेच्या पुढ्यातच एक आवाज झाला. खुब्याचं हाड मोडलं. त्या पुन्हा उभ्या राहतील की नाही, हे डॉक्टर अजून सांगत नव्हते.

झाकणाची जबाबदारी मिस्त्रीची. रोज सकाळी तो खिट्टी बघायचा आणि रजिस्टरमध्ये सही करायचा. त्या दिवशीही त्यानं बघितली होती, सही केली होती. त्यानंतर पुटपुटे आला होता. मिस्त्री म्हणजे पुटपुटेच्या धाकट्या बहिणीचा नवरा. हे स्थळ पुटपुटेनंच आणलेलं, नोकरीही त्यानंच लावून दिलेली. चौकशी शनिवारी अकराला ठेवली होती. ठपका बसला तर मिस्त्रीची नोकरी जाणार, आणि नोकरीबरोबर थिएटरमागच्या त्या दोन खोल्याही.

मंगळवारी नवी राणी उभी करून प्रयोग पुन्हा सुरू झाले. दुपारी तीनचा प्रयोग. दुसरा अंक आला. "हुकूम पोचला का नाही?" दरबार थांबला. थोरल्यांची करंगळी दुमडली. पुटपुटे सवयीनं मोजू लागला. सहा, सात, आठ.

नऊ. मग थोरले म्हणाले, "घेऊन जा याला."

मध्यंतरात तो रंगपटात गेला. "काय थोरले, आज दोन आकडे फुकट वाटलेत लोकांना?"

"कसले दोन?" थोरले आरशातून म्हणाले. "सातच घेतो मी. झोपेत उठवलंस तरी सातच घेईन."

"मी नऊ मोजले."

"मग भराभर मोजलेस. वय झालं रे तुझं," थोरले हसले, पुटपुटेही हसला. वय तर झालंच होतं.

३

जेवायला तो रोज बहिणीकडेच असे. बायको जाऊन अकरा वर्षं झाली होती. बुधवारी तो गेला तेव्हा मिस्त्री स्वयंपाकघरात दारापाशी उभा होता आणि दाराची कडी लावत होता, काढत होता, पुन्हा लावत होता.

"हे काय चाललंय?"

"बघतोय, दादा. मी कडी लावतो तेव्हा माझा अंगठा असा वळतो. बघा. त्या दिवशीही वळला होता. हाताला आठवतंय माझ्या." त्यानं अंगठ्याकडे पाहिलं. "पण आता दोनशे वेळा करून बघितलं, तर कुठला वळलेला अंगठा कुठल्या दिवसाचा, तेच कळेनासं झालंय."

"सोड ते. जेव आधी," बहीण म्हणाली. तिनं भावाला वाढलं, त्याच्या ताटात जरा जास्तच वाढलं. "दादा, तू सांगशील ना मॅनेजरना? हा विसराळू माणूस नाही म्हणून? तुझा शब्द मोडत नाही तिथे कुणी."

"अगं, मी काय सांगणार. माझी नजर वहीत असते."

"तेवढं तरी सांग. हा किती काटेकोर आहे ते सांग."

"सांगेन की."

तो भात कालवत राहिला. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, हे खोटं नाही. पण माणसाचं डोकं मोठं हुशार असतं. ते म्हणालं, मिस्त्रीच्या हातात कसब आहे, त्याला कुठेही काम मिळेल. तुला कोण घेणार? निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत. शिवाय तुला काढलं तर या दोघांच्या पाठीशी कोण उभं राहणार? पुटपुटेला हे सगळं पटलं. ताटातलं त्यानं संपवलं, वर पाणी प्यायला.

४

गुरुवारी विराम कितीचा झाला ते त्याला सांगता आलं नसतं. तीसपर्यंत मोजलं आणि मग मोजणं सोडून दिलं.

आधी त्याला वाटलं की थोरले खरंच विसरले. मग लक्षात आलं की कुणी खोकतही नाहीये. भरलेल्या थिएटरात तीस आकडे कुणी खोकत नाही, असं होत नाही. नव्या राणीच्या झग्याची किनार वळताना उडाली होती, ती खाली आलीच नव्हती. पुढच्या दिव्यांच्या उजेडात धूळ असते, रोज दुपारी ती सावकाश खाली उतरते. ती अधांतरी थांबली होती, आणि बघायला फार सुंदर दिसत होती. त्यानं मान मागे वळवली. पेटीच्या पाठीतल्या फटीतून पहिल्या रांगेतल्या एका बाईंचा हातपंखा दिसत होता. तो अर्ध्यावर होता.

पुटपुटेनं वहीचं पान हलवून पाहिलं. ते हललं, आणि त्याचा आवाज सगळ्या थिएटरभर झाला.

भीती वाटायला हवी होती. पण वाटली ती गुंगी. ताप उतरताना अंथरुणात वाटते तशी, गोड आणि जड. त्यानं थोरल्यांच्या पायांकडे पाहिलं, मग गुडघ्यांकडे, मग डाव्या हाताकडे.

करंगळी सरळ होती.

म्हणजे वाक्य हवंय. त्यानं वहीत बोट ठेवलं. वहीत "घेऊन जा याला" एवढंच होतं. त्यानं श्वास घेतला आणि वर पाहिलं. राजाची मान दरबाराकडेच होती. डोळे मात्र खाली आले होते, थेट पेटीत. त्या डोळ्यांना वहीतलं वाक्य नको होतं. हे त्याला कसं कळलं ते विचारू नका. दुसऱ्याला वाक्य देण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला समोरचा कुठल्या वाक्याची वाट बघतोय हे कळतंच.

"घेऊन जा याला," थोरले अचानक म्हणाले. धूळ खाली उतरू लागली, कुणीतरी खोकलं.

प्रयोगानंतर तो दवाखान्यात गेला आणि रक्तदाब तपासून घेतला. डॉक्टर म्हणाले, जरासा वाढलाय, पेटीत हवा नसते म्हणता, तर हवा घेत जा. पुटपुटेनं मान हलवली.

५

शुक्रवारी अडीचला तो थोरल्यांकडे जाऊन बसला. थोरले दाढी चिकटवत होते.

"थोरले, हा राजा वाईट कधी होतो हो?"

"इतक्या वर्षांनी विचारतोयस?"

"आज विचारावंसं वाटलं."

"लोकांना वाटतं चौथ्या अंकात, खून करतो तेव्हा. खुळे आहेत." थोरल्यांनी गोंदाचं बोट पुसलं. "तोल जातो तो दुसऱ्या अंकात. चौथ्यात नुसता आवाज होतो. त्या सात आकड्यांत तो अजून चांगला माणूस असतो, बघ. सहाव्या आकड्यालासुद्धा असतो. म्हणून तर तो विराम लोकांना सोसत नाही."

"आणि समजा तो आठव्याला बोलला तर? खरं बोलला तर?"

"तर पुढचे तीन अंक होणार नाहीत आणि आपण सगळे घरी जाऊ," थोरले हसले. मग आरशातच त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "तुझी तब्येत बरी आहे ना? मिस्त्रीचं मनाला लावून घेऊ नकोस. चूक कुणाचीही होते. कबूल केली की संपतं."

"हो. तसंच सांगतोय मी त्याला."

हे आपण काय बोललो, याचा घाम त्याला तळघरात वाकून चालताना फुटला. तीस पावलांच्या जागी त्या दिवशी चाळीस पावलं झाली.

दुसरा अंक. प्रश्न. आणि सगळं थांबलं.

या वेळी त्यानं मोजलंच नाही. कितीतरी वेळ गेला. त्याला पाय दुखतील इतका वेळ. एकदा वाटलं डोळा लागला आणि आपण उठलो, तरी किनार हवेतच होती. तहान लागली, मग तहान निघून गेली. एकूण एक माणूस त्याच्यासाठी थांबला होता. चिडून नव्हे हो, अगदी मायेनं. लहान मुलाला शब्द आठवत नसला की घरातले थांबतात तसं. दूत झालेला नट गुडघ्यांवर होता, त्याचा चेहरा पेटीपासून हातभर अंतरावर. तो चेहरा मिस्त्रीचा मुळीच नव्हता. तरी त्याच्याकडे पाहवेना.

करंगळी सरळ. डोळे खाली.

वाक्य पुटपुटेच्या जिभेवर होतं. "दोष माझा आहे." चार शब्दसुद्धा नाहीत. श्वासावर सोडलं असतं की थोरल्यांनी उचललं असतं, आणि मग काय झालं असतं देव जाणे, पण सगळे घरी गेले असते. त्यानं ओठ उघडले. मग त्याचं बोट वहीवर सरकलं आणि त्यानं तिथलंच वाक्य दिलं.

"घेऊन जा याला."

राजाचे डोळे आणखी क्षणभर त्याच्यावर राहिले. "घेऊन जा याला," थोरले म्हणाले, आणि पंखा हलू लागला.

मध्यंतरात थोरले स्वतः खाली आले. दाढी अर्धी सुटलेली, चेहरा लाल. "करंगळी दुमडलेली असताना वाक्य दिलंस? एकतीस वर्षांत कधी... अरे, माझा चौथा आकडा चालू होता!"

"सरळ होती, थोरले."

"डोळे तपासून घे," थोरले म्हणाले. पण जाताना त्यांनी आपल्याच करंगळीकडे एकदा पाहिलं.

६

शनिवारी अकराला मॅनेजरच्या खोलीत चौघे होते. मॅनेजर, मालकीणबाई, मिस्त्री आणि पुटपुटे. चहा आला. मिस्त्रीनं आपला सगळ्यात चांगला शर्ट घातला होता, इस्त्री बहिणीची.

"मिस्त्री, सही तुमची आहे?"

"माझी आहे, साहेब."

"मग खिट्टी उघडी कशी?"

"मी लावली होती. म्हणजे... लावली असावी." त्याचा अंगठा टेबलाखाली वळत होता.

मालकीणबाई सुस्कारा सोडून म्हणाल्या, "महाराणीनं काल मला विचारलं, तिथे फळी नव्हती का हो? काय सांगायचं मी तिला?" मग त्या पुटपुटेकडे वळल्या. "तुम्ही तर खालीच असता. तुम्हाला काही सांगायचंय?"

आणि चहाची वाफ थांबली.

कपावर वीतभर उंच, वळण घेऊन, तशीच राहिली. भिंतीवरचं घड्याळ गप्प झालं. मिस्त्रीची मान त्याच्याकडे वळलेली, तोंड किंचित उघडं, आणि त्या तोंडावर नुसती आशा. पुटपुटे खुर्चीत बसून राहिला. त्याच्या मनात आलं की आपल्याला जन्मात कधी स्वतःचं वाक्य बोलावं लागलेलं नाही. ते कसं सुरू करतात हेसुद्धा ठाऊक नाही.

तेव्हा पायांखालच्या फळ्यांतून आवाज आला.

घसा न वापरता, नुसत्या श्वासावर. इतका हळू की त्याला ऐकू यावा आणि शेजारच्याला येऊ नये. उत्तम काम होतं, इतकं उत्तम काम करणारा त्याला जगात एकच माणूस माहीत होता.

"खिट्टी मी काढली होती."

थोडं थांबून पुन्हा, तेवढ्याच शांतपणे. "खिट्टी मी काढली होती." चांगला प्रॉम्प्टर कधी वैतागत नाही. तिसऱ्यांदा तर फक्त पहिला शब्द आला, आठवण करून देण्यापुरता. "खिट्टी..."

त्यानं दोन्ही टाचा फळीवर दाबून धरल्या.

"माझी नजर वहीत असते, बाई," तो म्हणाला. "मला काही दिसत नाही."

वाफ वर गेली. घड्याळ टिकटिकलं. मिस्त्रीनं डोळे मिटले, उघडले आणि म्हणाला, "बरोबर आहे. मीच विसरलो असणार. दुसरं कोण जाणार तिथे?" त्यानं पुढे केलेल्या कागदावर सही केली. सही वळणदार होती, रजिस्टरमधल्यासारखीच.

बाहेर जिन्यात त्यानं पुटपुटेचा हात दोन्ही हातांत घेतला. "दादा, तुमच्यावर केवढा दबाव असेल, कळतं मला. तरी माझ्याविरुद्ध एक शब्द बोलला नाहीत. हिला सांगतो मी. ती म्हणालीच होती, माझा भाऊ आहे तिथे, काळजी करू नका."

पुटपुटे म्हणाला, "खोल्या कधी सोडायच्या?"

"सोमवारी."

७

तीनचा प्रयोग भरलेला होता. तळघरात शिरायच्या आधी पुटपुटे थोडा वेळ दारातच उभा राहिला. त्यानं ठरवलं होतं. अगदी मनापासून ठरवलं होतं. आज सगळं थांबलं की वाक्य द्यायचं, खरं वाक्य. थोरले ते उचलतील, चारशे माणसं ऐकतील, मग मॅनेजरकडे जायला वेगळं धैर्य लागणार नाही. सोमवारला अजून दोन दिवस होते. त्याला हलकं वाटलं, इतकं की तीस पावलं तो जवळजवळ धावतच गेला.

दुसरा अंक. "हुकूम पोचला का नाही?"

दरबार थांबला. त्यानं श्वास भरून घेतला.

एक. धूळ खाली उतरत होती. दोन. कुणीतरी खोकलं. मागे पहिल्या रांगेत कुणाचा तरी पंखा फडफडत होता. तीन. थोरल्यांची करंगळी घट्ट दुमडलेली होती, नख तळव्यात रुतलेलं, आणि डोळे दरबारावर. त्यानं त्या डोळ्यांची वाट पाहिली. ते एकदा खाली आलेसुद्धा, पेटीवरून गेले, रिकाम्या खुर्चीवरून जावेत तसे गेले, आणि पलीकडे निघून गेले.

चार.

"दोष माझा आहे," पुटपुटे म्हणाला, श्वासावर.

कुणी हललं नाही. पाच. मग त्यानं आयुष्यात पहिल्यांदा पेटीत बसून घसा वापरला. "थोरले! दोष माझा आहे! खिट्टी मी काढली होती!" तो उठून उभा राहिला, डोकं पेटीच्या टोपणाला आपटलं, त्यानं फळीवर मुठी मारल्या. "मी काढली! मिस्त्रीनं लावली होती! ऐका ना हो, कुणीतरी ऐका!" त्याच्या आवाजानं त्याचेच कान बधिर झाले. दूत झालेला नट हातभर अंतरावर गुडघ्यांवर होता, त्याच्या पापणीची फडफडसुद्धा दिसत होती. ती पापणी त्याच्या ओरडण्यासाठी एकदाही लवली नाही. सहा.

सात.

"घेऊन जा याला," थोरले म्हणाले.

विराम इतका नेमका पडला होता की टाळ्या आल्या. पहिल्या रांगेतल्या बाई शेजारणीला म्हणाल्या की हा नट एकदासुद्धा अडखळत नाही, याला प्रॉम्प्टर लागतच नसेल, आणि दोघी पुढचा प्रवेश बघू लागल्या.